बरोब्बर अडतीस मिनिटं

विमानतळावर मला सगळे 'अडतीस' म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात. "अडतीस आले का?" "ते अडतीसना विचारा." हे नाव हवामानवाल्यानं पाडलं, त्याच्या जिभेला हाड म्हणून नाही. पण त्याला तरी काय दोष द्यायचा? नाव त्यानं पाडलं, आकडा माझाच होता. मीच तो भर कोर्टात छाती फुगवून सांगितला, आणि त्यापायी माझी मुलगी माझ्यापासून गेली.

माझं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे मी किती मोठा शहाणा ते कळेल. आमचा विमानतळ म्हणजे एक आखूड धावपट्टी, पत्र्याच्या छपराखाली तीन खोल्या आणि बाहेर हत्तीएवढा बोर्ड. बडा घर पोकळ वासा. इथून एकोणीस माणसांचं एक विमान आठवड्यातून तीनदा उडतं, मंगळवारी, शनिवारी आणि रविवारी. डोंगरापलीकडच्या गावाला जातं, वीस-बावीस मिनिटं थांबतं आणि परत येतं. तिकडचा विमानतळ आमच्याहूनही लहान. तिथे प्रवाशांना आणि बॅगांना एकच काटा आहे. आधी माणूस उभा राहतो, मग त्याची बॅग.

विमान उडण्याआधी एक कागद तयार करावा लागतो. अंतर किती, वेळ किती, इंधन किती, माणसांचं आणि सामानाचं वजन किती. तो कागद मी करतो. त्यावर कॅप्टनची सही झाली की मगच विमान जागचं हलतं. दोन्ही विमानतळांमधलं अंतर दोनशे चार किलोमीटर. चाकांनी इथली जमीन सोडल्यापासून तिथली जमीन धरेपर्यंत अडतीस मिनिटं. सोळा वर्षं मी हा आकडा लिहितोय. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते जुने साहेब फार कडक. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "साहेब, अंदाजे चाळीस मिनिटं धरू का?" त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "अंदाज भाजीत मीठ टाकताना करायचा. या खोलीत केलास तर माणसं मरतील. 'अंदाजे' हा शब्द पुन्हा तुझ्या तोंडातून ऐकला तर घरी जायचं." मी तो शब्द त्या दिवशी टाकला तो कायमचाच. नुसत्या खोलीत टाकला असता तर बरं झालं असतं. मी तो घरीही टाकला.

बायको "पाच मिनिटांत येते" म्हणाली की मी घड्याळ बघायचो. ती अकराव्या मिनिटाला यायची, आणि मी म्हणायचो, "अकरा झाली." दर वेळी. ती इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात होती, दिवसभर उभी राहून थकून यायची, आणि दारातच मी आकडा सांगायचो. शेवटी ती एकदा म्हणाली, "मला उशीर किती झाला ते तू रोज सांगतोस. का झाला ते अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस." यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "दहा वर्षं आणि सात महिने." कपाळ माझं! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ती वेगळी झाली. त्यात तिचं चुकलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो, आता सांगत नाही. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसेल तर शपथ. बोलताना फिरते, जेवताना फिरते, रडतानासुद्धा फिरत रडते. आधी वर्षभर बरं चाललं होतं. आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची, भिंगरी शाळा सुटली की माझ्याकडे यायची, माझ्या टेबलाखाली बसून जुन्या नकाशांच्या पाठीवर चित्रं काढायची. मग तिच्या आईला डोंगरापलीकडच्या गावात, तिच्या माहेरी, मोठ्या इस्पितळात वरची जागा मिळाली. तिनं कोर्टात अर्ज केला, मुलीला घेऊन तिकडे जायची परवानगी द्या. मी विरोध केला.

माझा वकील सावध माणूस होता. कोर्टाच्या जिन्यात त्यानं मला भिंतीशी घेतलं आणि म्हणाला, "हे बघा, सगळं एका गोष्टीवर आहे. ते गाव लांब आहे, बापाला मुलगी भेटणार नाही, एवढंच आपल्याला दाखवायचंय. प्रवासाचं विचारलं तर सांगायचं, दिवस मोडतो. बाकी अक्षर बोलायचं नाही."

"बरं," मी म्हणालो.

"काय सांगाल?"

"दिवस मोडतो."

"शाब्बास."

आणि ते खोटंही नव्हतं. रस्त्यानं डोंगराला वळसा घालून जायचं तर बसला अकरा तास लागतात. बस दिवसाला एक, पहाटे पाचची, म्हणजे विमान उडणार की नाही ते कळायच्या आधीच सुटणारी. विमानाचं म्हणाल तर थंडीत धुकं, उन्हाळ्यात वजनाची कटकट, पावसात ढग खाली. उडालं तर उडालं.

आत गेलो. न्यायाधीश बाई होत्या, वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर. पंखा कुरकुरत होता. मुलीच्या आईचा वकील उठला आणि म्हणाला, "मॅडम, गाव लांब नाही. दोन्हीकडे विमानतळ आहेत. विमानानं अंदाजे तासाभराचा प्रवास आहे."

अंदाजे! तासाभराचा! माझ्या कानाला ते असं टोचलं की काय सांगू. इतक्या वर्षांचं काम माझं, आणि हा काळा कोटवाला येऊन त्यात अंदाज मिसळतोय. मी बाकावरून उठलोच.

"तासभर नाही," मी म्हणालो.

माझ्या वकिलाला वाटलं, आता मी दिवस मोडतो म्हणणार. तो खुशीत मागे टेकला.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही विमानतळावरच आहात ना? मग तुम्हीच सांगा. किती वेळ लागतो?"

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या सगळ्या महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. वकील बोलत होते, कागद फिरत होते, माझ्या घराबद्दल परके लोक ठरवत होते. आणि इतक्या दिवसांनी मला येणारा प्रश्न कोणीतरी मला विचारला. मी ताठ उभा राहिलो.

"दोनशे चार किलोमीटर. अडतीस मिनिटं. अंदाजे नाही मॅडम, बरोब्बर."

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मला पेनाचा आवाज ऐकू आला. वकिलानं डोळे मिटले. मुलीच्या आईनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं मी सांगू शकतो. दहा वर्षं सात महिने माझ्याबरोबर काढलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

निकालात तेच आलं. दोन गावांमधला प्रवास अवघा अडतीस मिनिटांचा असल्याचं खुद्द वडिलांनीच सांगितलं आहे, सबब आईच्या स्थलांतरामुळे भेटीत अडथळा येतो असं म्हणता येत नाही. वडिलांनी एक सोडून एका शनिवारी सकाळच्या विमानानं जावं, मुलीला तिथल्या विमानतळावर ताब्यात घ्यावं, रविवारी दुपारी तिथेच परत सोपवावं. सलग तीन भेटी चुकल्या तर आईला निकालात बदल मागता येईल.

जिन्यात वकील म्हणाला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

मी म्हणालो, "पण आकडा बरोबर होता."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खाली उतरून गेला. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी विमानतळावर पोचली, आणि हवामानवाल्यानं माझं बारसं केलं.

अडतीस मिनिटांत काय काय येत नाही ते मला त्यानंतरच्या वर्षात कळलं. खरं तर आधीच माहीत होतं, पण कागदावर त्याला रकाना नाही म्हणून मी कधी धरलंच नव्हतं. त्यात धुकं येत नाही. थंडीत सकाळी सहापासून मी खिडकीशी उभा, समोरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी नळकांडं दिसत नाही, हवामानवाला दर अर्ध्या तासानं येऊन मान हलवतो, आणि बाराला विमान रद्द. त्यात वजन येत नाही. ऊन तापलं की हवा विरळ होते, आखूड धावपट्टीवरून भरलेलं विमान उचलत नाही, मग कोणाला तरी उतरवावं लागतं. पहिला कोण उतरतो? फुकट्या. म्हणजे आम्ही नोकर माणसं. आमचं तिकीट फुकट, जागा उरली तर. जागा उरली नाही तर हात हलवून विमानाला टाटा करायचा. माझ्या सव्वीस शनिवारांपैकी चौदा हाती लागले. चौदा.

एकदा शनिवारी रद्द झालं, तर मी रविवारच्या दुपारच्या विमानानं गेलो. तेच विमान बावीस मिनिटांनी परत निघणार होतं. मुलीची आई तिला घेऊन विमानतळावर आली होती. तसं यायचं तिच्यावर बंधन नव्हतं, तरी आली. मी आणि भिंगरी वजनाच्या काट्याशेजारच्या बाकावर बसलो. ती तिच्या शाळेतल्या कुठल्याशा भांडणाचं सांगत होती, आणि भांडण मिटायच्या आतच कॅप्टननं हाक मारली. भांडण कसं मिटलं ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

पण जे चौदा लागले ते माझे होते, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. मी तिला एक घड्याळ दिलं होतं, बाजूला बटण असलेलं, दाबलं की सेकंद मोजणारं. ते तिला इतकं आवडलं की पोरगी सगळं मोजायला लागली. फाटकापासून बाकापर्यंत एक्केचाळीस सेकंद. आजीची शिंक आणि तिच्यानंतरची दुसरी शिंक यात नऊ सेकंद. आजोबा चहा 'गार झाला' म्हणून परत पाठवतात, त्याला साडेचार मिनिटं. आम्ही बागेतल्या कट्ट्यावर बसून हसून हसून लोटपोट व्हायचो.

"बाबा, तुझं घर किती लांब आहे?" ती दर वेळी विचारायची. उत्तर पाठ होतं तरी विचारायची.

"अडतीस मिनिटं."

"अंदाजे?" असं ती मुद्दाम म्हणायची, डोळे मिचकावत.

"ए! अंदाजे म्हणायचं नाही!"

"मग?"

"बरोब्बर."

"बरोब्बर!" आणि गिरकी. मग घसरगुंडीवरून खाली येतानाही 'बरोब्बर', कुल्फी संपवतानाही 'बरोब्बर'. खाण तशी माती. मला अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये? जगात एक तरी माणूस माझ्यासारखं निघालं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक शनिवार चुकला, विमानाचं काहीतरी बिघडलं होतं. पुढचा चुकला तो वजनानं. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी वकिलाचा फोन आला. "उद्या काहीही करून जा. पोहत जा, पण जा. तिसरी चुकली तर ते अर्ज टाकणारच."

शनिवारी सकाळी आकाश लख्ख होतं. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवीत भिंगरीसाठी रंगीत खडूंचा डबा घेतला आणि आठला टेबलाशी बसलो. दहाचं विमान. कागद मीच करायचा आणि मीच त्यात बसायचं. प्रवासी सतरा, सगळे तिकीटवाले. अठरावा मी. ऊन होतं, पण सतरांत दोन लहान मुलं होती, वजन बसत होतं. एकदा केलं, दोनदा केलं. बसत होतं. मी मनातल्या मनात गिरकी घेतली.

साडेनऊला बॅगवाला ढकलगाडीवर एक पेटी घेऊन आला. जाड पुठ्ठ्याची, 'उभीच ठेवा' असे बाण काढलेली. इस्पितळाचं सामान, रक्त तपासायचं यंत्र. कुठल्या इस्पितळाचं ते विचारू नका. डोंगरापलीकडच्या गावात मोठं इस्पितळ एकच आहे, आणि त्या विभागाची मुख्य कोण आहे ते मला चांगलंच माहीत होतं. इस्पितळाचं सामान मागे ठेवता येत नाही, तो नियम आहे, आणि चांगला नियम आहे. पेटी काट्यावर चढली. सदुसष्ट किलो.

मी परत केलं. सगळ्या बेरजा परत केल्या. मर्यादेच्या वर बासष्ट किलो जात होतं. माझं वजन एकाहत्तर.

बॅगवाला माझ्याहून वयानं मोठा, दोन नातवंडांचा आजोबा. माझी सगळी कहाणी त्याला ठाऊक होती. तो टेबलावर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "पेटी पाच किलोची लिहा. काट्यावर मी होतो, मी काही बघितलं नाही."

मी बेरीज पुन्हा एकदा बघितली.

"अहो, वाराही जरा समोरूनच आहे. उचलेल ते. इतकी वर्षं बघतोय मी. पोरीसाठी एकदा डोळे झाका."

माझा हात पेनावर होता. खरं सांगतो, मी पाचाचा आकडा मनात काढूनही बघितला. कसा दिसेल, कॅप्टन बघेल का. तो नाही बघणार. तो माझ्या कागदाकडे बघतच नाही, नुसती सही करतो, कारण कागद माझा असतो. आणि मग मला ती दोन लहान मुलं दिसली. बाकावर बसून पाय हलवत होती. त्यांची आई त्यांना एकाच पुड्यातली बिस्किटं वाटून देत होती.

"सदुसष्ट आहे," मी म्हणालो. "सदुसष्टच लिहिणार."

"तुमचं म्हणजे ना," बॅगवाला चिडून म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

मी माझ्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली. कॅप्टननं सही करताना रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "अरे, आज तर तुझा..." मी म्हणालो, "उशीर होतोय, निघा." खडूंचा डबा त्याच्या हातात दिला. "तिथे एक मुलगी असेल. एका जागी उभी नसेल ती."

दहा वाजून दोन मिनिटांनी चाकं सुटली. मी कागदावर वेळ लिहिली.

सव्वाअकराला फोन वाजला. तिच्या आईच्या फोनवरून भिंगरी होती.

"बाबा! मी मोजलं! इथल्या काकांना वायरलेसवर कळलं, विमान सुटलं, तेव्हा बटण दाबलं. चाकं टेकली तेव्हा परत दाबलं. अडतीस मिनिटं! तू सांगतोस तसंच! बरोब्बर!"

"हो?" मी म्हणालो.

"हो! मग सगळे उतरले. मग आईची पेटी उतरली. मग दार लावलं." ती थांबली. ती कधी थांबत नाही. "तू कुठे आहेस?"

"इथेच आहे गं. जागा नव्हती."

"मग पुढच्या विमानानं ये ना."

"पुढचं उद्या दुपारी आहे, राजा. ते लगेच परत फिरतं. आणि तेही भरलंय."

"पण बाबा, अडतीसच मिनिटं तर आहेत!"

याला उत्तर द्या म्हणावं कोणीतरी. मागून तिची आई म्हणाली, "दे इकडे फोन," आणि मग मला म्हणाली, "आम्ही दीड तास उभ्या होतो. तिकीट काढून यायचं सुचलं नाही तुला?"

नाही सुचलं. देवाशपथ नाही सुचलं. सोळा वर्षं विमानतळावर आहे, मी कधी तिकीट काढलेलंच नाही. तिकीटवाला असतो तर त्या सतरांबरोबर गेलो असतो, सामानासाठी कोणा तिकीटवाल्याला उतरवत नाहीत, त्याच्या बॅगा मागे राहतात. सगळे नियम मला पाठ. मीच लोकांना समजावून सांगतो.

अर्ज आला. त्यांचं म्हणणं, दर वेळी मुलगी विमानतळावर जाऊन रडून परत येते, हे थांबवा, भेटी शाळेच्या मोठ्या सुट्टीतच ठेवा. या वेळी माझा वकील तयारीत होता. आणि मीही. मी रजा टाकून चार दिवस बसलो आणि वर्षभराचा तक्ता केला. धुकं किती दिवस, रद्द किती, उतरवलं किती वेळा, बसला किती तास. घरातून निघून भिंगरीचा हात हातात येईपर्यंत सरासरी किती वेळ लागतो तेही काढलं. वकील म्हणाला, "हे गेल्या वेळी कुठे होतं?" मी म्हणालो, "कोणी विचारलं नव्हतं." तो म्हणाला, "या वेळी विचारलं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही." मी कबूल केलं.

त्याच बाई, तोच पंखा. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. बोट ठेवून ठेवून वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे अडतीस मिनिटं ही नुसती हवेतली. प्रत्यक्षात माणसाचा दिवस जातो."

"तेच आमचं म्हणणं आहे, मॅडम," वकील म्हणाला. "वडिलांची इच्छा नाही असं नाही. अंतरच तसं आहे. भेट इकडच्या बाजूला, मधल्या एखाद्या गावी ठेवता येईल का, किंवा आईला अर्ध्या वाटेपर्यंत आणायला सांगता येईल का, याचा विचार व्हावा."

बाईंनी मान हलवली. चांगली हलवली. मी मागच्या बाकावर होतो, आणि कितीतरी दिवसांनी मला वाटलं, मिळतंय. परत मिळतंय काहीतरी.

"मुलगी आली आहे ना?" बाई म्हणाल्या. "बोलवा. एक-दोन गोष्टी विचारते."

भिंगरी आत आली. दोन वेण्या, मनगटावर ते घड्याळ, तिच्या हाताला अजून मोठंच. मला बघून तिनं हात हलवला. मी हलवला. बाईंनी तिला जवळ उभं केलं, नाव विचारलं, शाळा विचारली. मग मायेनं, खरंच मायेनं, त्यांनी विचारलं, "बाबांचं घर खूप लांब आहे, हो ना गं? त्यांना यायला फार त्रास होतो ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मानेनं म्हणाली असती तरी चाललं असतं. वकील पुढे झुकला.

भिंगरीचे डोळे चमकले. तिला येणारा प्रश्न होता.

"नाही!" ती म्हणाली. "लांब नाहीये. अडतीस मिनिटं."

"अगं, अंदाजे तसं असेल, पण—"

"अंदाजे म्हणायचं नाही!" ती ताठ उभी राहिली, अगदी हात शरीराला चिकटवून. "बरोब्बर अडतीस. मी स्वतः मोजलंय. त्या दिवशी विमान बरोब्बर अडतीस मिनिटांत आलं. फक्त बाबा त्यात नव्हता."

बाईंनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि पेन उचललं. मला पुन्हा तोच आवाज ऐकू आला. शेजारी वकिलानं डोळे मिटले. तिच्या आईनं तोंडावर हात धरला होता, आणि ती रडत होती की काय ते मला दिसलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाच्या नावानं खडे फोडणार?

शिपाई भिंगरीला बाहेर नेऊ लागला. ती माझ्या बाकापाशी थांबली. गाल लाल झाले होते, कोर्टात बोलली म्हणून. माझ्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "बाबा, बरोबर सांगितलं ना मी?"

विमान वेळेवर येतं, वडीलच येत नाहीत, सबब भेट वर्षातून एकदा, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, असा निकाल त्या दुपारी लागला. पण तेव्हा तो लागायचा होता, आणि ती वाट बघत उभी होती, एका जागी, न फिरता.

"बरोब्बर सांगितलंस," मी म्हणालो.